नावापुढची कोरी जागा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी बसलेले शाळा समितीचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापिकाबाई, शिक्षण खात्यातून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या संगीताच्या बाई, आजी-माजी शिक्षकवर्ग, पालकहो, मागच्या दाराला टेकून उभे असलेले शिपाईमामा, आणि माझ्या डाव्या हाताला तीन ओळींत उभं राहून मघापासून पाय बदलणाऱ्या चौथीच्या मुलामुलींनो,

अध्यक्षांनी मला सात मिनिटं दिली आहेत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, तो आवाज मला इथे ऐकू आला. माझे कान तिखट आहेत, असा माझा लौकिक आहे. गेल्या मंगळवारपर्यंत माझाही त्यावर विश्वास होता.

माझ्या खिशात सहा पानांचं भाषण आहे. सोमवारी लिहून झालं. त्यात ‘बाई म्हणजे सुरांचा वाहता झरा’ हे वाक्य दोनदा आहे, कारण पहिल्यांदा लिहिलेलं मी दुसऱ्या वेळेपर्यंत विसरलो होतो. मंगळवारी दुपारी मी या शाळेत आलो, आणि ते भाषण जागच्या जागी निकामी झालं. आज शनिवार. चार दिवस झाले, पण मी अजून भानावर आलेलो नाही. माझी बायको म्हणते, तुम्ही चहात साखर घालता, ढवळता आणि चहा तिथेच ठेवून निघून जाता. माझा धंदा मोटारींचा आहे, विजेचे झटके मी खूप खाल्ले आहेत. त्यातून माणूस दोन मिनिटांत सावरतो. हा झटका तसला नाही.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी पंपांच्या आणि पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करतो. सुरुवात एका पत्र्याच्या टपरीत झाली. एक स्टूल होतं, त्यावर गिऱ्हाईक बसायचं आणि मी उभा राहायचो. आज कारखाना आहे, साठ माणसं आहेत आणि मला बसायला खुर्ची आहे. माझं शिक्षण फारसं नाही. पण चालत्या मोटारीच्या बेअरिंगवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, की कुठला छर्रा झिजलाय ते मी सांगतो. मोठमोठे इंजिनिअर यंत्रं घेऊन येतात, आणि शेवटी माझ्याकडे बघून विचारतात, काय ऐकू येतंय? ही विद्या कुठे शिकलात असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. शाळेत, संगीताच्या बाईंकडे.

ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की माझ्या कारखान्यात ती पाठ आहे. आज शेवटची सांगतो. यापुढे ती मला त्याच तोऱ्यात सांगता येणार नाही.

मी चौथीत होतो, नऊ वर्षांचा. बाई बावीस वर्षांच्या, नुकत्याच रुजू झालेल्या. संगीताची खोली तेव्हाही जिन्याखालीच होती. मधली सुट्टी संपली की वरून दोनशे पोरं धडधडत जायची आणि पेटीवर चुन्याची भुकटी पडायची. पहिल्याच दिवशी बाईंनी आम्हाला एकेक करून जवळ बोलावलं आणि नुसतं नाव सांगायला लावलं. आम्ही नाव सांगायचो आणि त्या पेटीवर बोट फिरवत बसायच्या. मग एका पट्टीवर बोट थांबायचं, त्या हसायच्या आणि वहीत लिहायच्या: काळी चार. पांढरी चार. काळी तीन. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक माणूस आपलं नाव आपल्याच एका उंचीवर घेतो. ती उंची सापडली की गाणं तिथून सुरू करायचं.

दुसऱ्या दिवसापासून हजेरी तशीच. बाई तुमची पट्टी दाबणार, तुम्ही त्या सुरात ‘हजर’ म्हणणार. या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांना आपली पट्टी आजही आठवत असेल. हो ना? बघा, माना हलल्या. छत्तीस वर्षांत या बाईंनी एकाही मुलाची हजेरी बोलून घेतली नाही, गाऊन घेतली.

माझी मात्र वेगळी. महिन्याभरात शाळेची तपासणी आली. प्रमुख पाहुण्यांनी राग मानू नये, ते तेव्हा स्वतःच अर्ध्या चड्डीत असतील. तपासणीसाठी गाणं बसवायचं होतं. बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, तुझा कान फार चांगला आहे. तू गाऊ नकोस. ओळींच्या मधून फिर, ऐक, आणि कोणाचा सूर सुटला की त्याच्या खांद्यावर हात ठेव. वर नाव दिलं, कानसेन.

काय सांगू तुम्हाला! हात मागे बांधून मी ओळींतून असा फिरायचो की खुद्द मुख्याध्यापक वाटावं. हजेरीलाही मी गायचो नाही, नुसता हात वर करायचो. बाकीच्यांना ‘हजर’ म्हणावं लागायचं आणि मला हात पुरायचा, याला मी मान समजत होतो. ते पद मी पुढे कधी सोडलंच नाही. कारखान्यात पाटी लावली: ‘काम चालू असताना गुणगुणू नये.’ मोटार ऐकायची असते, मध्येच कोणीतरी गळा काढला तर कसं चालेल? लोकांना ते पटायचं. साठ माणसं आणि वीस वर्षं, पण माझ्या कारखान्यात कोणी गुणगुणलं नाही.

आता मंगळवार.

बाईंच्या पेटीचा भाता फाटला होता. निरोपाची भेट म्हणून आपण तो स्वतःच्या हातांनी दुरुस्त करावा, असं मी ठरवलं. बाई वर वर्गावर होत्या. शिपाईमामांनी किल्ली दिली. पेटी भिंतीपासून ओढायची तर आधी कपाट सरकवायला हवं होतं, आणि कपाट सरकवायला ते रिकामं करायला हवं होतं. आत वह्या. चौथीच्या हजेरीच्या, छत्तीस वर्षांच्या छत्तीस वह्या, सुतळीने बांधलेल्या. शिपाईमामा म्हणाले, “सगळ्यात खालची तुमची असेल. बघा तरी, लहानपणी काय आवाज होता.”

मला अर्थातच बघायचं होतं. मला वाटलं, माझ्या नावापुढे काहीतरी खास असणार. मान्यवरहो, मनुष्यस्वभाव आहे. मी चष्मा पुसून घेतला.

एकेचाळीस नावं होती. त्यातल्या चाळीस नावांपुढे पट्टी. माझ्या नावापुढे जागा कोरी. आणि त्या कोऱ्या जागेखाली, बारीक अक्षरात, चार शब्द: ‘याला मी गप्प बसवलं.’

मी तिथल्या बाकावर बसलो. तो बाक सहा-सात वर्षांच्या मुलांचा, आणि माझा देह तुम्ही पाहताच आहात. गुडघे हनुवटीला लागले होते. शिपाईमामा विचारत होते पाणी आणू का, आणि मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. माझ्यासारख्या माणसाला, ज्याला अध्यक्षांचं घड्याळ ऐकू येतं, त्याला समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना.

थोड्या वेळाने बाई खाली आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या वहीकडे पाहिलं, आणि दार लोटून घेतलं. आश्चर्य त्यांना वाटलं नाही. जणू हे कधीतरी होणारच होतं. त्या माझ्या शेजारी, त्याच बुटक्या बाकावर बसल्या, आणि आधी माझी गोष्ट सांगायच्या ऐवजी त्यांनी स्वतःची सांगितली. ती तुम्हाला सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे.

बाई सात वर्षांच्या असताना त्यांच्या शाळेत कसलंसं गाणं बसवत होते. त्यांच्या शिक्षिकेने ओळीतून फिरता फिरता त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रेमाने सांगितलं, तू नुसते ओठ हलव हं. प्रेमाने, हे महत्त्वाचं आहे. बाई म्हणाल्या, रागावल्या असत्या तर मी घरी जाऊन रडले असते आणि विषय संपला असता. पण त्या प्रेमाने बोलल्या, म्हणून मला ते खरं वाटलं. पुढे दहा वर्षं या बाईंनी ओठ हलवले. शाळेत, घरी, मैत्रिणींच्या वाढदिवसाला. सतराव्या वर्षी मोठ्या बहिणीच्या तान्ह्या मुलीला झोपवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. खोलीत आपण दोघीच आहोत आणि त्यातल्या एकीला अजून काही कळत नाही, असं पाहून त्यांनी तोंड उघडलं. मूल झोपलं. बाई मात्र थक्क होऊन बसून राहिल्या, कारण आवाज सुरात होता. तो फक्त खालच्या पट्टीत होता. शाळेतलं गाणं त्यांच्यासाठी चार पट्ट्या वर होतं, एवढीच भानगड. कोणी पेटीवर चार बोटं खाली सरकवली असती, तर दहा वर्षं वाचली असती.

म्हणून बाई संगीताच्या शिक्षिका झाल्या. त्याही प्राथमिक शाळेत. त्यांना पुढे मोठमोठ्या ठिकाणी बोलावणी आली होती, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. त्या गेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, मूल गप्प होतं ते सात-आठ वर्षांचं असताना. मला त्या दारात उभं राहायचं होतं.

आता बघा, अशी बाई. आणि नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिच्यासमोर मी.

मला त्यांनी पहिल्या दिवशी नाव चार वेळा सांगायला लावलं होतं. मला वाटायचं, माझं नाव त्यांना आवडलं. खरं असं होतं की त्यांना माझी पट्टी सापडत नव्हती. माझा आवाज मोठा, आणि एका जागी थांबायचं नाव नाही. तेव्हाचे मुख्याध्यापक त्यांना म्हणाले होते, त्या भोंग्याचं तपासणीआधी काहीतरी करा. भोंगा म्हणजे मी. बाईंची नोकरी तात्पुरती होती, ती कायम व्हायची की नाही ते त्या तपासणीवर होतं.

“मी आणखी आठवडाभर शोधली असती तर सापडली असती,” बाई म्हणाल्या. “पण मी बावीस वर्षांची होते आणि घाबरले होते. म्हणून मी तुला ओळीतून काढलं, आणि तुला ते कळू नये म्हणून मान दिला.”

मी विचारलं, “म्हणजे माझा कान?”

“मला काय माहीत तुझा कान कसा होता ते. मी तो कधी तपासलाच नव्हता. मी ते खोटं बोलले होते.”

सभ्य स्त्री-पुरुषहो, हे वाक्य जरा माझ्या जागी उभं राहून ऐका. माझी टपरी, माझा कारखाना, माझी साठ माणसं, इंजिनिअरांनी माझ्या तोंडाकडे बघणं, हे सगळं ज्या पायावर उभं आहे, तो पाया म्हणजे एका घाबरलेल्या मुलीने जिन्याखाली मारलेली थाप. मी बाईंना म्हटलं, अहो, पण मला खरंच ऐकू येतं. त्यावर त्या म्हणाल्या, “येत असेल. मी खोटं बोलले, तू ते खरं केलंस. त्यात माझं श्रेय काही नाही.”

त्या म्हणाल्या, चार दिवसांनी, तपासणी संपली की तुला परत ओळीत घ्यायचं ठरवलं होतं. पण तू इतका खूश होतास की माझी जीभ रेटेना. मग वर्ष संपलं. दर वर्षी नवी वही काढली की मी ही पहिली वही उघडते, ती कोरी जागा बघते, आणि मग नव्या मुलांना बोलावते. छत्तीस वर्षांत पुन्हा असं होऊ दिलं नाही.

आणि इथे त्या थांबल्या.

मी आयुष्यभर मोटारी ऐकल्या आहेत. कुठलीही मोटार बंद पडण्याआधी अर्धा क्षण आवाज बदलते. बाईंचा आवाज तसा बदलला. त्यांनी यंदाची वही माझ्या हातात दिली.

पुन्हा नावं, पुन्हा पट्ट्या. काळी चार, काळी तीन, पांढरी पाच. आणि एका नावापुढे जागा कोरी. आडनाव माझं होतं.

आता अध्यक्षसाहेब, सात मिनिटं होऊन गेली आहेत हे मला कळतंय. पण इथे मला थांबता येणार नाही.

माझी मुलगी चौथीत आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती घरभर गात असायची. बुटाची नाडी बांधताना, पाटावर उभं राहून दात घासताना, तोंडात फेस असतानासुद्धा. मी पेपर वाचत असायचो. मला ऐकू यायचं ना, सूर खाली जातोय ते. मी तिथूनच सांगायचो, बाळा, आधी नीट ऐक, मग गा. प्रेमाने. ते मी किती वेळा म्हणालो ते मला आठवत नाही. ती कधी थांबली, तेही नाही. घर शांत झालं तेव्हा मला वाटलं, पोरगी मोठी झाली, समजूतदार झाली. मी बायकोला तसं कौतुकाने बोलूनही दाखवलं होतं. बायको काही बोलली नव्हती. तिचं गप्प बसणंही मला तेव्हा ऐकू आलं नाही.

“वर्षभर मी तिला रोज वेगळी पट्टी देऊन बघते आहे,” बाई म्हणाल्या. “ती ओठ हलवते. मी अगदी जवळ जाऊन ऐकलं. आवाज नाही. विचारलं तर म्हणते, आमच्या घरी बाबांना लगेच कळतं.”

मी म्हटलं, “बाई, मला सांगायचं होतंत.”

“कोणत्या तोंडाने सांगणार? तो कान मीच तुला दिला होता.”

चार दिवस मी हेच डोक्यात घेऊन फिरतो आहे. पहिल्या वहीतली एक कोरी जागा आणि शेवटच्या वहीतली एक. मधल्या चौतीस वह्यांत एकही नाही. आणि दोन्ही कोऱ्या जागा एकाच घरातल्या.

मी बाईंना म्हटलं, माझी पट्टी आत्ता शोधा आणि लिहून टाका. निदान एक तरी भरेल. बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, बंद खोलीत कसली हजेरी? ती सगळ्यांदेखत घ्यायची असते.

भाता मी नंतर दुरुस्त केला. काम चोख झालं आहे, त्याची काळजी नसावी.

घरी जाऊन मी मुलीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे बाबा, तू बेसुरा आहेस?” मी म्हटलं, बाई म्हणतात, तसं कोणी नसतं, पण भोंगा होतो हे नक्की. त्यावर ती हसली. इतकी हसली की आतून तिची आई बघायला आली. मग मी तिची माफी मागितली. नऊ वर्षांच्या मुलीची माफी मागणं, मान्यवरहो, फार अवघड असतं. ती लगेच देऊन टाकते आणि आपल्याला तोंड लपवायला जागा राहत नाही.

आज हे सगळं इथे सांगू का, असं मी तिला विचारलं. तिने तीन अटी घातल्या. मी कुठल्या ओळीत उभी आहे ते सांगायचं नाही. तू आधी ‘हजर’ म्हणायचं. आणि मोठ्याने चुकायचं.

कारखान्यातली पाटी मी बुधवारी सकाळी काढली. दोन दिवस कोणाची हिंमत झाली नाही. काल दुपारी वायंडिंगवाल्या काकांनी कसलीशी धून सुरू केली. सूर पार घसरलेला. मी उठलो, बाहेर अंगणात गेलो आणि ते थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो. सवय आहे, एकदम जात नाही.

तर बाई, आता माझी तुम्हाला एक विनंती आहे. शाल-श्रीफळ, मानपत्र सगळं झालं. पेटी त्या बाजूला ठेवली आहे, दोन्ही वह्या शिपाईमामांनी तिच्यावर ठेवल्या आहेत. तुम्ही तिथे जाऊन बसा, आणि हजेरी घ्या. छत्तीस वर्षं उशीर झाला आहे, तो माझ्या नावावर मांडा.

तुमचं बोट फिरतंय ते मी बघतोय. अजून खाली घ्या, आता वय झालं. आणखी. हां, तिथे.

हजर!

हसा, हसा, अगदी मोकळेपणाने हसा. मलाही कळलं, तो जरा वर गेला. पण बाईंनी काहीतरी लिहिलं. पांढरी दोन लिहिलंय, मला इथून दिसतंय.

आता त्या दुसरी वही उघडत आहेत. मी तिकडे बघणार नाही, तशी अट आहे. मी तुमच्याकडे तोंड करून उभा राहतो.

…

टाळ्या नकोत, एक क्षण थांबा. आत्ता डावीकडून काहीतरी आलं. बारीक होतं, पण आलं. माझ्या कानावर आज माझा विश्वास नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्हीही ऐकलंत ना? पहिल्या रांगेतल्या आजी मान हलवत आहेत. शिपाईमामा, तुम्ही? तुम्ही दाराशी होतात, तिथपर्यंत आलं का?

आलं म्हणतात.

सुरात होतं का, असं मी कोणालाही विचारणार नाही.

अध्यक्षमहोदय, सात मिनिटांची वीस केली, तरी आपण घड्याळ पुन्हा हातावर बांधून बसलात, याबद्दल आभार. मुख्याध्यापिकाबाई, प्रमुख पाहुणे, पालक आणि जमलेल्या सगळ्यांनी सत्काराच्या भाषणाऐवजी एका माणसाची फजिती शांतपणे ऐकून घेतली, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, ते पोटात घाला. ‘हजर’मध्ये जे चुकलं त्याबद्दल मात्र माफी मागत नाही, ते मला चुकायला सांगितलं होतं.

बाई, तुमचं पेन अजून हातातच आहे. त्या जागेत लिहा.